यी लोकांच्या पुराणकथा आणि सांस्कृतिक पर्यटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यी लोक कोण आहेत आणि त्यांच्या पुराणकथा कुठे जिवंत आहेत?

यी हा चीनच्या नैऋत्येकडील मोठा समाज असून सिचुआन, युन्नान आणि ग्वेझोउ या प्रांतांच्या डोंगराळ भागात आणि थोडाफार ग्वांगशीत तो राहतो. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या सुमारे ९८ लाख आहे. सरकारदप्तरी या सर्वांना एकच नाव असले, तरी सिचुआनमधल्या लिआंगशानचे नुओसू, युन्नानमधल्या शिलिनचे सानी, मिले परिसरातले आशी आणि चुशिओंगकडचे लोलोपो यांच्या बोली इतक्या वेगळ्या आहेत की दूरच्या दोन शाखांतल्या माणसांना एकमेकांचे बोलणे कळेलच असे नाही.

साहजिकच सगळ्यांचे मिळून एकच पुराण नाही. नुओसूंमध्ये ‘ह्नेवो तेयी’ हे उत्पत्तिकाव्य लग्नकार्यात, अंत्यविधीत आणि पंचायतीच्या वादात उद्धृत केले जाते. याओआन आणि दायाओ भागात ‘मेइगे’ गातात. श्वांगबाईत ‘चामू’ आहे, तर आशींकडे ‘आशी शियानजी’. यांतली शेवटची तिन्ही काव्ये २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पर्यटनाचा आराखडा करणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हा, की आपण ज्या खोऱ्यात उभे आहोत तिथे यांतले कोणते काव्य गायले जाते. नुओसूंचा नायक उचलून सानींच्या गावच्या कमानीवर बसवला, तर बाहेरच्या पाहुण्याला काही खटकणार नाही. गावच्या म्हाताऱ्यांना मात्र ती कमान कायम परकी वाटेल.

झिगे आलु हा वीर पर्यटनाच्या जाहिरातींत सगळीकडे दिसतो. त्याची मूळ कथा काय आहे?

नुओसू कथेनुसार पूमो न्यीयी ही तरुणी घराबाहेर विणकाम करत असताना आकाशात घिरट्या घालणाऱ्या गरुडांच्या रक्ताचे तीन थेंब तिच्या अंगावर पडले. एक थेंब वेणीच्या नऊ पदरांतून, दुसरा पांघरुणाच्या नऊ थरांतून आणि तिसरा घागऱ्याच्या नऊ चुण्यांतून आरपार गेला, आणि तिला दिवस राहिले. ड्रॅगन वर्षी, ड्रॅगन महिन्यात, ड्रॅगन दिवशी जन्मलेल्या या मुलाने आईचे दूध घेतले नाही. तो ड्रॅगनांच्या सहवासात वाढला. पुढे आकाशात सहा सूर्य आणि सात चंद्र एकदम तळपू लागले, झाडेझुडपे करपली, पाणी आटले, तेव्हा त्याने बाण मारून एक सूर्य आणि एक चंद्र तेवढा शिल्लक ठेवला. उरलेला सूर्यही भिऊन लपला, आणि त्याला बाहेर बोलावण्याचे काम पांढऱ्या कोंबड्याला करावे लागले.

जाहिरातींत यातला धनुर्धारी पुतळा तेवढा येतो. वास्तविक पाहुण्याला गुंतवून ठेवण्याची ताकद लहान तपशिलांत आहे: नऊ चुण्यांचा घागरा, घाबरून लपलेला सूर्य, त्याची मनधरणी करणारा कोंबडा. लिआंगशानमध्ये आजही बायका चुण्यांचे लांब घागरे घालतात आणि खांद्यावरून लोकरीचे जाड पांघरूण घेतात, त्यामुळे कथेतली वस्त्रे पाहुण्याच्या डोळ्यांसमोर चालताबोलताना दिसतात. पुतळ्यावर खर्च होणाऱ्या रकमेच्या अगदी छोट्या भागात, घागरा शिवणाऱ्या बाईच्या अंगणात बसून ही कथा ऐकण्याची सोय होऊ शकते.

आणखी एक जुळणारी गोष्ट आहे. लिआंगशानची राजधानी शीचांग ही चांदण्यासाठी ‘चंद्रनगरी’ म्हणून ओळखली जाते, आणि याच प्रीफेक्चरमधल्या (प्रांताखालच्या प्रशासकीय विभागातल्या) उपग्रह प्रक्षेपण केंद्रावरून २००७ मध्ये चीनचे पहिले चांद्रयान गेले. सहा चंद्र पाडून एक राखणाऱ्या वीराचा प्रदेश, आकाश स्वच्छ असलेले पठार आणि चंद्राकडे निघालेले यान हे तिन्ही एका संध्याकाळच्या कार्यक्रमात एकत्र आणायला फार कल्पकता लागत नाही. अशी जोडणी आजची आहे हे सांगून केली, तर ती पूर्णपणे प्रामाणिकही राहते.

मशाल उत्सवामागची खरी कथा कोणती? प्रत्येक ठिकाणी वेगळीच सांगतात.

वेगळी सांगतात, कारण ती वेगळीच आहे. चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे बहुधा जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, हा उत्सव बहुतेक यी भागांत होतो. लिआंगशानमध्ये सांगतात की आकाशातला बलवान मल्ल स्रेआबी पृथ्वीवर आला, इथल्या आतिलाबाशी कुस्ती खेळताना मारला गेला, आणि संतापलेल्या आकाशदेवाने टोळ व किडी पाठवून पिके फस्त करायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी पाइनच्या फांद्या पेटवून शेतातून मिरवल्या आणि किडी जाळल्या. दालीकडच्या भागात मात्र कथा राजकारणाची आहे. युन्नानमधल्या जुन्या नानझाओ राज्याच्या राजाने इतर राजांना लाकडी मनोऱ्यावर मेजवानीला बोलावून मनोरा पेटवला. त्यांतल्या एकाच्या पत्नीने नवऱ्याच्या हातात आधीच लोखंडी कडे घातले होते, त्या कड्यावरून तिने राखेत त्याचे शव ओळखले. आठव्या शतकात सहा राज्ये एक करणाऱ्या पीलुओगे या नानझाओ राजाशी ही कथा जोडली जाते आणि ‘बाई’ नावाचा तिथला दुसरा समाजही ती आपली मानतो.

या दोन्हींना एकाच माहितीफलकावर कोंबण्याचा मोह अनेक ठिकाणी दिसतो, आणि माझ्या मते तो आवरला पाहिजे. लिआंगशानमधल्या बुतुओ आणि पुगे या काउंट्यांमध्ये (प्रीफेक्चरखालच्या, तालुक्यासारख्या विभागांत) गेलेल्या पाहुण्याला किडी आणि पीक यांची कथा ऐकवावी, कारण तिथे मशाली खरोखरच शेताच्या बांधांवरून फिरतात. वेइशान किंवा दालीत गेलेल्याला लोखंडी कड्याची गोष्ट सांगावी, कारण नानझाओ राजवंशाचे मूळ वेइशानचे आहे आणि वेइबाओ डोंगरावर त्याच्या पहिल्या राजाची पूजा होते. पाहुण्याने दोन ठिकाणी दोन वेगळ्या कथा ऐकल्या म्हणजे त्याचा गोंधळ होतो ही आयोजकांची समजूत आहे. प्रत्यक्षात त्याच फरकामुळे तो दुसऱ्या ठिकाणी जातो.

लिआंगशान आणि चुशिओंग दोन्हीकडच्या मशाल उत्सवाला २००६ मध्ये राष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. शीचांगमध्ये तो आता रोषणाई, संचलने आणि मोठ्या गर्दीचा शहरी सोहळा झाला आहे. बुतुओकडे पहिला दिवस बहुतांशी घरातला: पूर्वजांना नैवेद्य, कोंबडे किंवा मेंढा, घराघरांतून पेटणारी पहिली मशाल. दुसऱ्या दिवशी बैलांच्या झुंजी, घोड्यांच्या शर्यती, कुस्ती आणि पिवळ्या छत्र्या घेऊन गोल फिरणाऱ्या मुलींचे गाणे असते. अग्नीला निरोप तिसऱ्या दिवशी दिला जातो. सहल कंपन्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी आणतात आणि त्याच रात्री परत नेतात. तीन दिवस राहणाऱ्यालाच कुस्तीचा संबंध कळतो, कारण ती कथेतल्याच कुस्तीची पुनरावृत्ती आहे.

शिलिनमधली अशिमा हे यशस्वी उदाहरण मानावे का?

प्रेक्षकसंख्या आणि प्रसिद्धी पाहता निर्विवादपणे मानावे. कुनमिंगच्या आग्नेयेला असलेले चुनखडीच्या सुळक्यांचे हे वन २००७ मध्ये दक्षिण चीन कार्स्टचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. तिथल्या एका सुळक्याचा आकार डोक्याला फडकी बांधून पाठीवर टोपली घेतलेल्या मुलीसारखा दिसतो आणि तीच अशिमा, असे प्रत्येक पाहुण्याला सांगितले जाते. सानींच्या दीर्घकाव्यात जमीनदार रबुबाला आपल्या मुलासाठी अशिमाला पळवून नेतो, तिचा भाऊ आहेई तिला सोडवतो, परंतु वाटेत पूर येतो आणि अशिमा वाहून जाऊन कड्यांमधला प्रतिध्वनी होते. खडकांत हाक मारली की ती ओ देते. कथा आणि भूगोल इतके घट्ट बसलेले ठिकाण दुर्मीळ आहे. पर्यटनाचे वजन असे, की पूर्वी लुनान नावाच्या या काउंटीचे नाव १९९८ मध्ये शिलिन असे बदलण्यात आले.

आता दुसरी बाजू. हे काव्य १९५४ मध्ये अनेक मौखिक पाठ एकत्र करून चिनी भाषेत प्रसिद्ध झाले, म्हणजे देशभर पोचलेला पाठ आधीच संपादकांनी घडवलेला होता. त्यानंतर १९६४ मध्ये तयार झालेल्या चित्रपटात बहीण-भावाचे नाते बदलून अशिमा आणि आहेई यांना प्रियकर-प्रेयसी केले गेले. चित्रपट सांस्कृतिक क्रांतीत अडकला आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी लोकांपर्यंत पोचला, पण पोचला तो इतका खोलवर, की आज शिलिनमध्ये येणारे बहुसंख्य पाहुणे प्रेमकथाच मनात घेऊन येतात. वाटाडे मुलींना सरसकट ‘अशिमा’ आणि मुलांना ‘आहेई’ म्हणून हाक मारतात, भाड्याचा पोशाख घालून फोटो काढले जातात, आणि हे नाव सिगारेटच्या पाकिटावरसुद्धा गेले.

माझा आक्षेप प्रेमकथेला नाही. लोककथा बदलतच आली आहे. आक्षेप एवढाच आहे की भावाने बहिणीसाठी केलेली धडपड हा सानी काव्याचा गाभा असून तो शिलिनच्या फाटकावर कुठेही सांगितला जात नाही. भावाच्या बाणांनी जमीनदाराच्या घराच्या दारात, खांबात आणि देव्हाऱ्यात रुतून बसणे आणि सगळ्या घरच्यांना मिळूनही ते न उपटता येणे, हा प्रसंग सानी गायक रंगवून गातात. हा प्रसंग गाणाऱ्या सानी वृद्धाला रोज अर्धा तास बसायला सावलीची जागा आणि रास्त मानधन दिले, तर शिलिनच्या भेटीचा दर्जा ताबडतोब बदलेल. ‘अशिमा’ २००६ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत नोंदली गेली ती मौखिक काव्य म्हणून, सुळका म्हणून नव्हे.

वाघाच्या देहातून सृष्टी झाली अशी कथा आहे म्हणतात. ती कुठे पाहायला मिळते?

ऐकायला ‘मेइगे’त मिळते. त्यात वाघाच्या डोक्याचे आकाशाचे मस्तक, शेपटीचे जमिनीचे टोक, डाव्या डोळ्याचा सूर्य, उजव्याचा चंद्र, मिशांची उन्हाची किरणे आणि दातांच्या चांदण्या होतात. याओआनमधले मायोउ हे गाव या गायनाचे घर समजले जाते. पाहायचे असेल, तर श्वांगबाई काउंटीतल्या फाब्याओजवळच्या श्याओमाइदीचोंग या छोट्या गावात जावे लागते, जिथे पहिल्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत ‘लाओहूशेंग’ म्हणजे वाघाचे नृत्य चालते. पुरुष काळी घोंगडी अंगावर बांधून तिचेच कान आणि शेपूट करतात, तोंड व हातपाय रंगवतात, आणि वाघ होऊन नांगरणी, पेरणी, लावणी यांच्या हालचाली करत घराघरांतून अनिष्ट हाकलतात. आठव्या दिवशी वाघदेवाला आणतात, पंधराव्याला पोचवून येतात.

ग्वेझोउच्या वेइनिंग काउंटीतल्या लुओगा गावात असाच, किंबहुना याहून थरारक प्रकार आहे. ‘चुओताइजी’ या मुखवट्यांच्या विधिनाट्यात हजार, बाराशे, पंधराशे आणि सतराशे वर्षे वयाचे आदिपूर्वज लाकडी मुखवटे घालून, वाकड्या पायांनी आणि श्वास आत ओढत काढलेल्या चमत्कारिक आवाजात डोंगरावरून येतात, बैल घेतात, शेत पेरतात, आणि शेवटी गावातल्या घरांना आशीर्वाद देत आग व रोगराई झाडून नेतात. मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा पाहिलेल्या वाचकाला मुखवटा चढला की ओळखीचा माणूस कसा दिसेनासा होतो हे वेगळे सांगायला नको. २००६ च्या पहिल्याच राष्ट्रीय यादीत चुओताइजी आहे.

हे विधी शहरातल्या रंगमंचावर रोज दाखवावेत का?

नृत्य म्हणून काही भाग दाखवायला हरकत नाही आणि तसे होतेही. चुशिओंगमध्ये वाघनृत्याचे रंगमंचीय रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. पण विधी आणि प्रयोग यांच्यात जी रेषा आहे ती गावाने आखावी, कार्यक्रम अधिकाऱ्याने नाही. वाघाला ‘आणणे’ आणि ‘पोचवणे’ हे दोन भाग गावाबाहेर कधीही करू नयेत, अशी मागणी एखाद्या गावाने केली तर ती शब्दशः पाळावी, कारण वाघ रोज संध्याकाळी सात वाजता आला आणि रोज नऊ वाजता गेला, तर पहिल्या महिन्यात त्याच्या येण्याला गावात काय अर्थ उरणार?

रोजच्या प्रयोगाचा एक व्यावहारिक परिणामही सांगितला पाहिजे. गावातले चांगले नर्तक शहरातल्या नाट्यगृहात नोकरीला लागतात आणि ऐन सणाच्या दिवसांत, म्हणजे पर्यटनाच्या हंगामातच, त्यांना रजा मिळत नाही. घरच्या विधीला मग माणसे अपुरी पडतात. करार करतानाच सणाच्या दिवसांची सुटी लिहून घेणे हा साधा उपाय आहे.

बिमोंना पर्यटनात सहभागी करून घेता येईल का?

हा या सगळ्या विषयातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, म्हणून थोडे विस्ताराने.

बिमो हे यी समाजातले विधिकर्ते आणि ग्रंथधारक आहेत. विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे जाते. यी लिपीतल्या पोथ्या हाताने उतरवून घेतल्या जातात. आजार, कलह, शपथ, पूर्वजपूजा आणि मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगाची वेगळी पोथी असते. लिआंगशानमधली मेइगू काउंटी बिमोंसाठी प्रसिद्ध आहे. चुशिओंगने भाषांतर व टिपांसह बिमो ग्रंथांचे १०६ खंड प्रसिद्ध केले, यावरून या साहित्याचा आवाका लक्षात यावा. पुराणकथा ज्याला आपण म्हणतो त्या बहुतांशी याच पोथ्यांत आहेत: बिमो विधी करताना त्या वस्तूची किंवा त्या रोगाची उत्पत्ती आधी सांगतो, कारण ज्याचे मूळ सांगता येते त्याच्यावरच त्याला अधिकार चालवता येतो.

यांतली एक पोथी मात्र पूर्ण वेगळी आहे. माणूस गेल्यावर बिमो ‘वाट दाखवण्याची’ पोथी म्हणतो. तिच्यात मृताच्या आत्म्याला त्याच्या घरापासून सुरुवात करून एकेका खिंडीचे, नदीचे, वस्तीचे नाव घेत, पूर्वज ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलट पूर्वजांच्या मूळ भूमीपर्यंत नेले जाते. अनेक पोथ्यांत ती भूमी आजच्या झाओतोंग परिसरात येते. स्थलनामांची अशी साखळी पाहिली की कोणत्याही नियोजकाला ‘पूर्वजांची वाट’ नावाचा पदभ्रमण मार्ग सुचतो. मार्ग करावा, त्या गावांची आणि खिंडींची ओळखही करून द्यावी. पोथी मात्र म्हणू नये, ध्वनिमुद्रित करून वाटेवरच्या भोंग्यांतून तर मुळीच नाही. ज्याच्या घरी कोणी गेलेले नाही अशा ठिकाणी ती म्हणणे नुओसूंना अशुभ वाटते, आणि पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी समाजाने स्वतःचे अशुभ ओढवून घ्यावे अशी अपेक्षा कोणीही करू नये.

याउलट उत्पत्तिकथा सांगणे, लिपी लिहून दाखवणे, पोथीतली चित्रे समजावणे आणि घरासाठी शुभाशीर्वादाचा छोटा विधी करणे यांत अनेक बिमोंना आनंद वाटतो. लिआंगशानमध्ये १९८० साली मान्यता मिळालेली ८१९ चिन्हांची प्रमाणित यी लिपी दुकानांच्या पाट्यांवर दिसते. तीत स्वतःचे नाव लिहून घेणे हा पाहुण्यासाठी साधा आणि टिकाऊ अनुभव आहे. काय सांगायचे आणि काय नाही हे बिमोनेच ठरवावे. पगारी ‘बिमो’ म्हणून बिमोचा पोशाख घातलेला नट उभा करू नये, एवढा एक नियम सर्वत्र पाळला गेला तरी पुष्कळ झाले.

चुशिओंगचे सौर पंचांग उद्यान आणि यीरेन गुझेन ही नव्याने बांधलेली ठिकाणे आहेत. ती पाहावीत का?

पाहावीत, पण ती काय आहेत हे जाणून. यीरेन गुझेन म्हणजे जुन्या यी वस्तीच्या धर्तीवर अलीकडे उभारलेली बाजारपेठ आहे. संध्याकाळी चौकात शेकोटीभोवती फेर धरला जातो आणि त्यात शहरातले यी रहिवासीही उत्साहाने सामील होतात, हे तिचे खरे मोल. पंचांग उद्यान छत्तीस दिवसांचे दहा महिने आणि वर्षाखेरचे पाच-सहा दिवस या कालगणनेवर आधारलेले आहे. तिच्या प्राचीनतेविषयी १९८० च्या दशकापासून चुशिओंगमधल्या संशोधकांनी फार मोठे दावे केले आणि इतर अभ्यासकांनी त्यांवर हरकती घेतल्या. फलकांवर मात्र तो वाद दिसत नाही आणि सगळेच निःसंशय म्हणून लिहिलेले असते. मतभेद मोकळेपणाने लिहिल्याने उद्यानाची शोभा कमी होणार नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो?

चीनचा अमूर्त सांस्कृतिक वारसा कायदा १ जून २०११ पासून लागू आहे. परिणामकारक जतनाच्या पायावर वारशाचा वाजवी वापर करून स्थानिक वैशिष्ट्ये असलेली उत्पादने व सेवा विकसित करायला तो प्रोत्साहन देतो. म्हणजे जतन आधी आणि वापर नंतर हा क्रम कायद्यातच आहे. चीन युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारसा कराराचाही २००४ पासून सदस्य आहे.

पर्यटनाचा पैसा कथा सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचतो का?

आपोआप पोचत नाही. फाटकावरचे तिकीट, वाहनतळ, हॉटेल आणि बस यांचा पैसा तिकीट विकणाऱ्याकडे, जागेच्या मालकाकडे आणि गुंतवणूकदाराकडे जातो. काव्य गाणाऱ्या म्हातारीकडे यांपैकी काहीच नसते. तिच्याकडे पैसा यायचा तर तो तीन वाटांनी येऊ शकतो: तिच्या घरी मुक्काम, तिच्या हातची वस्तू, किंवा तिच्या गायनाचे मानधन. लिआंगशानच्या उरलेल्या सात काउंट्या सरकारी दारिद्र्ययादीतून नोव्हेंबर २०२० मध्येच बाहेर आल्या, हे लक्षात घेता तिथल्या कुटुंबांसाठी ही रक्कम किरकोळ नाही.

राष्ट्रीय यादीतल्या परंपरावाहकांना शासनाकडून वार्षिक अनुदान मिळते, पण प्रत्येक परंपरेत अशी नावे मोजकीच असतात. चुओताइजीत मुखवटा कोरणारा, ढोल धरणारा, वाटेवर दिवा घेऊन उभा राहणारा असे कितीतरी हात असतात. म्हणून मानधन गावाच्या सामाईक निधीत देऊन वाटप गावावर सोपवणे हे एका ‘वारसदारा’ला सगळे देण्यापेक्षा बरे.

पुराणकथांशी संबंधित कोणत्या वस्तू घ्याव्यात?

शिदे काउंटीतली काळ्या, लाल आणि पिवळ्या रंगांची लाखकाम केलेली लाकडी भांडी अवश्य पाहावीत; या कलेची नोंदही २००८ च्या यादीत आहे. गरुडाचा खराखुरा पंजा बुडाला बसवलेले जुने मद्यचषक संग्रहालयात पाहावेत, विकत मागू नयेत. चुशिओंगकडे लहान मुलांच्या वाघतोंड्या टोप्या आणि लाल बुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) फुलांचे भरतकाम मिळते. यंत्राचे भरतकाम उलट्या बाजूने एकसारखे व गुळगुळीत दिसते आणि हाताच्या कामात धाग्यांच्या गाठी सापडतात. वस्तू उलटून पाहायला कोणी हरकत घेत नाही.

वाटाड्यांना कथा शिकवताना कशावर भर द्यावा?

कथा कोणाची, कोणत्या प्रसंगी म्हटली जाते आणि इथे का सांगितली जात आहे, या तीन गोष्टी प्रत्येक वाटाड्याला सांगता आल्या पाहिजेत. उदाहरणादाखल नुओसूंची प्रलयकथा घ्या. तीन भाऊ शेत नांगरतात आणि रोज सकाळी नांगरलेली जमीन पुन्हा जशीच्या तशी झालेली दिसते. त्यातून प्रलयाची आगाऊ सूचना मिळते. धाकटा जूमू वुवू लाकडी पेटीत बसून वाचतो आणि आकाशदेवाच्या मुलीशी लग्न करतो. त्यांना तीन मुलगे होतात, पण तिघेही मुके. उपाय चोरून ऐकून घेतला जातो: चुलीत बांबू फोडा. बांबू तडतडून उकळते पाणी अंगावर उडताच तिघे तीन भाषांत ओरडतात, आणि त्यांच्यापासून यी, हान (चीनमधला बहुसंख्य समाज) आणि तिबेटी लोक होतात.

लिआंगशानमध्येच मुली ही तिबेटी स्वायत्त काउंटी आहे आणि खोऱ्यांतली बाजारगावे हानबहुल आहेत, त्यामुळे या कथेतले तिन्ही भाऊ पाहुण्याला एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. वाटाड्याने ही गोष्ट बसमध्ये ध्वनिक्षेपकावरून न सांगता चुलीपाशी सांगावी, आणि शक्य असल्यास घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सांगू द्यावी. स्वतः फक्त भाषांतर करावे. पाठ केलेली वाक्ये सगळ्या बसमध्ये सारखीच ऐकू येतात. घरातला आजोबा मात्र मध्येच थांबून नातवाला रागावतो, विसरलेली ओळ बायकोला विचारतो, आणि पाहुण्याला त्या घरात कथा कशी राहते ते दिसते.

पाहुण्याने कोणत्या काळात जावे आणि काय पाळावे?

मशाल उत्सवासाठी जुलै-ऑगस्ट. तो पावसाचा काळ असल्याने डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात, तेव्हा दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवावेत. वाघनृत्य आणि चुओताइजी चिनी नववर्षानंतरच्या पंधरवड्यात येतात. तेव्हा उंचावरच्या गावांत कडाका असतो. लिआंगशानचे यी नववर्ष नोव्हेंबरच्या सुमारास असते, परंतु तो कुटुंबाचा सण आहे, निमंत्रण असेल तरच जावे. तारखा चांद्र पंचांगावर ठरतात आणि नुओसू भागात कधीकधी बिमो दिवस काढतो, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख स्थानिकांकडून विचारून घ्यावी.

घरात चुलीवरून किंवा तिच्या तीन दगडांवरून पाय टाकू नये. चूल म्हणजे पूर्वजांची आणि अग्नीची जागा. बिमोच्या पोथ्यांना व टोपीला विचारल्याशिवाय हात लावू नये. मद्याचा पेला पुढे आला तर निदान ओठ लावावेत. पाहुण्यासाठी कोंबडे, मेंढा किंवा डुक्कर कापणे हा मोठा मान असतो. शाकाहारी असल्यास मुक्काम ठरवतानाच स्पष्ट कळवावे, जनावर समोर आणल्यावर नव्हे.

एखाद्या गावाने चित्रीकरणाला किंवा प्रवेशालाच नकार दिला तर काय करावे?

नकार मान्य करावा आणि त्या गावाचे नाव प्रवासपत्रिकेतून काढून टाकावे. काही गावे विधीचे पहिले दिवस बंद ठेवतात आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांना येऊ देतात. आधीच विचारले तर असा मधला मार्ग बहुतेक वेळा निघतो. मुभा दिलेल्या भागाचेच चित्रीकरण करावे, त्याची एक प्रत गावाला द्यावी, आणि चित्रफितीत गावाचे व शाखेचे नाव लिहावे. ते चित्रीकरण पुढे जाहिरातीत वापरायचे झाल्यास पुन्हा एकदा परवानगी घ्यावी आणि मोबदला तेव्हाच ठरवावा.